टेराहर्ट्झची कांडी आणि मावशीचा तळवा

गेल्या महिन्यात मावशीच्या डाव्या तळव्यावर रुपयाच्या नाण्याएवढा फोड आला. तो आला हे तिला दोन दिवसांनी कळलं, तेही लादीवर ओले डाग दिसले म्हणून. मधुमेह जुना, पायांची संवेदना बरीच गेलेली. रोज रात्री अर्धा तास ती तळव्यांवर 'टेराहर्ट्झ थेरपी'ची कांडी धरत होती. दिसायला हेअर ड्रायर, आवाजाला हेअर ड्रायर, फेकते गरम हवा, आणि किंमत साडेअठरा हजार. भिशीतल्या एका बाईंनी गळ्यात मारली. बाईंच्या 'खाली' आता सहाजणी जोडल्या गेल्या आहेत म्हणे, म्हणजे पुढचं काय ते समजून घ्या.

कांडीबरोबर एक मेसेजही येतो. "तू इंजिनिअर ना, वाच, सगळं सायन्स आहे," असं म्हणून मावशीनेच तो मला पाठवला. आठवडाभरात तोच सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग ऑफिसच्या. थोडक्यात तो असा: टेराहर्ट्झ हे 'जीवनकिरण' आहेत. ते शरीरात 20 ते 30 सेंटिमीटर आत जातात, निरोगी पेशींशी त्यांची फ्रिक्वेन्सी जुळते आणि आजारी पेशी आपोआप मरतात. नासा ते वापरते. विमानतळावर वापरतात, म्हणजे सुरक्षित. पुरावा हवा तर त्यांचा दगड बर्फावर ठेवून बघा. आणि शेवटची ओळ: 'शुगर-बीपीच्या गोळ्या हळूहळू सुटतात.'

मी चाकणला गाड्यांच्या पेंट शॉपमध्ये क्वालिटी बघतो. टेराहर्ट्झ हा शब्द आमच्या धंद्यात खरोखर आहे, म्हणून जरा जास्तच चिडलोय.

आधी '20 ते 30 सेंटिमीटर आत'. बाकी सगळी इमारत या एका विटेवर उभी आहे, तेव्हा इथेच थांबू.

टेराहर्ट्झ म्हणजे मायक्रोवेव्ह आणि इन्फ्रारेड यांच्या मधला पट्टा. एक टेराहर्ट्झ म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी कंपनं, तरंगलांबी 0.3 मिलिमीटर. हे किरण कागद, कापड, प्लास्टिक, थर्माकोल, कोरडं लाकूड यांतून बऱ्यापैकी पार होतात. धातूवरून परत फिरतात. आणि पाण्यापुढे गुडघे टेकतात. पाणी त्यांना अक्षरशः पिऊन टाकतं. एक टेराहर्ट्झचा किरण एक मिलिमीटर जाडीच्या पाण्याच्या थरावर सोडला, तर पलीकडे त्याच्या शक्तीचा एक अब्जांश भागही पोचत नाही. एका मिलिमीटरची ही गत, आणि मेसेजवाले तीनशे मिलिमीटर सांगतायत. कशातून? माणसातून, ज्याच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग पाणीच आहे. प्रत्यक्ष त्वचेत हे किरण मिलिमीटरच्या काही दशांशापर्यंत जातात आणि तिथेच संपतात. मावशीचं स्वादुपिंड तर फारच लांब राहिलं.

यावर मला कुणी "तुमचं वेस्टर्न सायन्स" वगैरे ऐकवू नका, हे डोळ्यांनी दिसलेलं आहे. अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये बिनबिन हू आणि मार्टिन नुस यांनी 1995 साली टेराहर्ट्झने चित्रं काढली आणि 'ऑप्टिक्स लेटर्स' या शोधपत्रिकेत छापली. या क्षेत्रातला कुणीही माणूस तो निबंध ओळखतो. त्यात दोन वस्तू होत्या. एक प्लास्टिकच्या वेष्टनातली इलेक्ट्रॉनिक चिप, जिच्या आतल्या तारा वेष्टन न फोडता दिसल्या. दुसरी, झाडाचं एक पान. पान ताजं असताना एकदा चित्र घेतलं आणि 48 तासांनी पुन्हा घेतलं. ताज्या पानात किरण अडत होते. सुकल्यावर तेच पान बरंच पारदर्शक झालं. पानात पाणी कुठे किती उरलंय, त्याचा नकाशाच तो. म्हणजे एका ओल्या पानात किती पाणी आहे हे मोजता येतं, कारण तेवढं पाणीसुद्धा या किरणांना अडवतं. आणि पान अडवतं, तर पोट अडवणार नाही?

आणखी एक गंमत. टेराहर्ट्झवर काम करणारे लोक आपलं उपकरण अनेकदा पेटीत बंद करून आत कोरडी हवा किंवा नायट्रोजन सोडतात, कारण खोलीतल्या हवेतली वाफही सिग्नल खाते. कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधनसंस्थेत टेराहर्ट्झची प्रयोगशाळा आहे. मुंबईच्या जुलैत तिथल्यांना या वाफेबद्दल काय वाटत असेल ते त्यांनाच विचारा. आणि इकडे आमच्या मावशीची कांडी कोल्हापूरच्या पावसाळ्यात, उघड्या हॉलमध्ये, पाय धुऊन आल्या आल्या चालते.

आता 'पेशींच्या फ्रिक्वेन्सीशी जुळतात'. 37 अंशांवरचं कुठलंही शरीर स्वतःच उष्णतेचे किरण फेकत असतं आणि त्यात टेराहर्ट्झचा वाटा असतोच. मावशी फेकते, मी फेकतो, गरम इस्त्री फेकते, चुलीवरचा तवा तर बक्कळ फेकतो. हेच जीवनकिरण असतील तर तवा फुकट आहे. एक टेराहर्ट्झच्या फोटॉनची, म्हणजे त्या किरणाच्या एका कणाची, ऊर्जा सुमारे 4 मिली-इलेक्ट्रॉनव्होल्ट. साध्या खोलीच्या तापमानाला रेणूंची जी धडपड चालू असते तिची ऊर्जा 25 मिली-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास. म्हणजे आधीच चालू असलेल्या गोंगाटाच्या सहाव्या हिश्शाएवढी ही कुजबुज. तिने निवडून आजारी पेशी माराव्यात आणि शेजारच्या निरोगी पेशीला धक्काही लावू नये? त्या पेशीच्या कपाळावर काय लिहिलेलं असतं?

याच हिशेबाने दुसऱ्या टोकाच्या मंडळींनाही उत्तर मिळतं. या मेसेजवर मी आधी एक पोस्ट टाकली होती, ती वाचून एकाने "बरोबर, हे रेडिएशन आहे, कॅन्सर होतो" असं लिहिलं. नाही हो. अणूतून इलेक्ट्रॉन उडवायला या फोटॉनच्या हजारपटीहून जास्त ऊर्जा लागते. हे एक्स-रे नाहीत. मावशीला जे झालं ते रेडिएशनने नाही, गरम हवेने झालं. कांडीचं तोंड पायाला जवळजवळ टेकवून, काहीच जाणवत नसलेल्या तळव्यावर, अर्धा तास.

बर्फाचा पुरावा. हा मी मावशीच्याच स्वयंपाकघरात तपासला. कांडीबरोबर 'टेराहर्ट्झ स्टोन' नावाचा चकचकीत करडा दगड भेट मिळतो. बर्फाच्या तुकड्यावर ठेवला की तो लोण्यातून सुरी जावी तसा आत उतरतो आणि बघणाऱ्या बायका 'अगं बाई!' म्हणतात. या नावाने जे विकतात ते बहुतेक वेळा साधं सिलिकॉन असतं, आणि सिलिकॉन उष्णता झपाट्याने वाहून नेतं, स्टेनलेस स्टीलच्या साधारण दहापट. तुमच्या हाताची आणि खोलीची ऊब तो बर्फात पोचवतो, संपलं. मी देवघरातलं तांब्याचं ताम्हण घेतलं, स्टीलची ताटली घेतली, दोन्हींवर एकाच ट्रेमधले बर्फाचे खडे ठेवले. ताम्हणातला खडा बघता बघता पाणी झाला. ताटलीतला आपला बसून राहिला. तांबं या कामात सिलिकॉनच्याही अडीचपट पुढे आहे. मावशी बराच वेळ ताम्हणाकडे बघत राहिली, मग म्हणाली, "म्हणजे आपल्या पूर्वजांना माहीत होतं!" आता काय बोलणार.

नासाचं मात्र मान्य करावं लागेल. नासाने टेराहर्ट्झ वापरलं, अगदी खरं आहे. कशावर ते ऐका. 16 जानेवारी 2003 ला कोलंबिया यान उडालं. उड्डाणानंतर 82 सेकंदांच्या आसपास बाहेरच्या इंधनटाकीवरच्या फोमचा एक तुकडा सुटून डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आदळला. 1 फेब्रुवारीला परतताना तिथूनच तापलेले वायू आत शिरले, यान तुटलं, कल्पना चावलांसह सातही जण गेले. त्यानंतर प्रश्न उभा राहिला की टाकीवर फवारलेल्या फोममध्ये आत कुठे पोकळी राहिली आहे का, तो कुठे सुटा झालाय का, हे न फोडता बघायचं कसं. फोम म्हणजे बहुतांशी हवाच, त्यामुळे अल्ट्रासाउंड त्यात चालत नाही. टेराहर्ट्झ मात्र फोममधून आरपार जातं आणि मागच्या ॲल्युमिनियमवरून परत येतं. वाटेत पोकळी असेल तर परतीच्या लहरीत तिची खूण उमटते. म्हणून नासाने तपासणीच्या पद्धतींमध्ये टेराहर्ट्झला जागा दिली. तर हो, नासा. पण कोरड्या फोमवर. अंतराळवीरांच्या गुडघ्यावर नव्हे.

या किरणांची खरी कामं सगळी याच जातीची: कोरडं, पातळ, थरांचं काहीतरी, आणि आत बघायचंय पण फोडायचं नाही. आमच्याकडचंच घ्या. गाडीच्या पत्र्यावर ईडी कोट (विजेच्या मदतीने चढवलेला पहिला थर), प्रायमर, बेस कोट, क्लिअर कोट असे थर असतात, सगळे मिळून शंभर-सव्वाशे मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). हातातलं नेहमीचं गेज पत्र्यावर टेकवलं की एकूण जाडी सांगतं, कुठला थर किती ते सांगत नाही. आणि प्लास्टिकच्या बंपरवर ते मुकंच, कारण त्याला खाली धातू लागतो. टेराहर्ट्झची एक लहर सोडली की प्रत्येक थराच्या सीमेवरून तिचा पडसाद वेगळा परत येतो, पिकोसेकंदाच्या, म्हणजे सेकंदाच्या लाख कोटीव्या भागाच्या, अंशाअंशाने मागेपुढे. विहिरीत हाक मारावी आणि पडसादावरून तिची खोली ओळखावी, तसंच. फक्त विहीर पाव मिलिमीटरसुद्धा नाही. हात न लावता, बंपरवरही, थरागणिक मायक्रॉन मिळतात. मी याचं प्रात्यक्षिक पाहिलंय, आमच्याकडे अजून आलेलं नाही, किंमत ऐकून साहेबांनी चहा मागवला. औषधाच्या गोळ्यांवरचं आवरण सगळीकडे सारखं आहे का, हेही असंच तपासता येतं. इंग्लंडमधल्या केंब्रिजची टेराव्ह्यू ही कंपनी त्यासाठीच ओळखली जाते. विनोद बघा: जी गोळी बंद करा म्हणून मेसेज सांगतो, तिचंच आवरण खरं टेराहर्ट्झ तपासतं.

आणि अभिमानच वाटून घ्यायचा असेल तर हे फॉरवर्ड करा. 2016 साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या गटाने, ज्यात आपले नाशिकचे रमेश रासकर होते, कागदांची चळत न उघडता वरच्या नऊ पानांवरची अक्षरं टेराहर्ट्झने वाचून दाखवली. दोन पानांच्या मधली जी वीसेक मायक्रॉनची हवेची फट असते, तिच्या पडसादावरून पान मोजायचं. त्यानंतर पडसाद इतके क्षीण होतात की अक्षर कळत नाही. कोरड्या कागदाच्या बाबतीत, एमआयटीत, नऊ पानं! आणि भिशीत तीस सेंटिमीटर माणूस.

विमानतळाचं एका ओळीत. तिथले बहुतेक बॉडी स्कॅनर 24 ते 30 गिगाहर्ट्झवर चालतात, म्हणजे 0.03 टेराहर्ट्झ, टेराहर्ट्झच्या पट्ट्यात येतच नाहीत. आणि त्यांचे किरण कपड्यातून जाऊन कातडीवरून परत फिरतात म्हणूनच तर ते चित्र दिसतं. कांडीने पिण्याचं पाणी 'चार्ज' होतं असंही मेसेजात आहे, त्यावर मी वेळ घालवणार नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो, नाहीतर कुणीतरी लिंक घेऊन येईल. त्वचेच्या कॅन्सरमध्ये गाठीची कड कुठपर्यंत आहे हे टेराहर्ट्झने दिसतं का, यावर खरंच संशोधन झालंय. रोगट भागात पाण्याचं प्रमाण वेगळं असतं, म्हणून चित्रात फरक पडतो. पण ते बघायला आहे, बरं करायला नाही, आणि तेही कातडीपुरतंच.

राहिली गोळ्यांची ओळ. मधुमेह, रक्तदाब, कॅन्सर बरा करण्याच्या जाहिरातींना आपल्याकडे 1954 च्या कायद्याने मनाई आहे. या आजारांची नावं त्या कायद्याच्या परिशिष्टात आहेत. बाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "आम्ही जाहिरात कुठे करतो, आम्ही अनुभव सांगतो." मावशीने कांडी वापरली त्या तीन आठवड्यांत रात्रीची गोळी सोडली होती. मला नाही सांगितलं. ड्रेसिंग करताना डॉक्टरांनी विचारलं तेव्हा बोलली. साखर 340 निघाली. डॉक्टर तिला काही बोलले नाहीत, मला मात्र बाहेर बोलावून विचारलं, घरात असताना लक्ष कुणाचं होतं.

फोड आता सुकत आलाय, गोळी परत चालू आहे. कांडी परत घ्यायला बाई तयार नाहीत, 'बॉक्स उघडलाय' म्हणून. मावशीने ती कपाटात ठेवली आहे आणि दगड ताम्हणाशेजारी.