टायटन्सना नुसती शेपटं म्हणू नका
एका लेखात 'टीन टायटन्स'ना, म्हणजे डीसी कॉमिक्समधल्या तरुण सुपरहिरोंच्या संघाला, मोठ्या हिरोंची शेपटं म्हटलंय, ते अजिबात पटलं नाही. १९६४ साली बॅटमॅन, फ्लॅश, अ‍ॅक्वामॅन यांचे साथीदार रॉबिन, किड फ्लॅश आणि अ‍ॅक्वालॅड एकत्र आले तेव्हा ठीक होतं. पण १९८० मध्ये लेखक मार्व्ह वुल्फमन आणि चित्रकार जॉर्ज पेरेझ यांनी रेव्हन, स्टारफायर, सायबॉर्ग हे नवे हिरो आणले आणि सगळा नूरच पालटला. संघात आलेल्या टेराचंच घ्या ना. वयानं लहान, चेष्टामस्करी करणारी, संघातल्याच बीस्ट बॉयचा तिच्यावर जीव जडलेला, आणि ती आतून टायटन्सच्या शत्रूला, डेथस्ट्रोकला सामील! लेखकांनी तिला शेवटपर्यंत सुधारलं नाही; स्वतःच पाडलेल्या दगडांखाली ती मेली. मुलांच्या कॉमिक्समध्ये हे धाडस सोपं नव्हतं. त्याच कथेत पहिला रॉबिन, डिक ग्रेसन, 'नाइटविंग' नावाचा स्वतंत्र हिरो झाला, आणि मला तरी तो बॅटमॅनपेक्षा जवळचा वाटतो.