‘लक्ष असतं तर पडलं नसतं’: फिरत्या मजकुराला उत्तर

खिडकीतून मूल पडल्याची बातमी आली की दोन दिवसांत तोच मजकूर फिरू लागतो. ‘आईचं लक्ष असतं तर असं झालंच नसतं. मुलांना उंचीची उपजत भीती असते, ती आपणहून कडेला जात नाहीत. जाळी बसवली की काळजी मिटली. पहिल्या मजल्यावर तर धोकाच नाही. आणि गज लावलेत तर आग लागल्यावर आत अडकाल.’ एकदा मीही हे वाचून मान डोलावली होती.

उपजत भीतीचं आधी पाहू, कारण ते शास्त्रीय वाटतं. या समजुतीमागे बहुधा एलेनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा १९६० साली प्रसिद्ध झालेला प्रयोग असतो. जाड काचेचं टेबल, काचेच्या एका भागाखाली खोल पोकळी दिसेल अशी रचना, मधे फळी. फळीवर रांगत्या वयाची ३६ बाळं एकेक करून ठेवली आणि आईनं पलीकडून बोलावलं. जी २७ हलली, त्यांतली तीनच त्या खोल बाजूच्या काचेवर गेली. गोष्ट इथवरच सांगितली जाते. पण त्याच लेखात पुढे असंही आहे की वळताना, धडपडताना काही बाळांनी अंगाचा भार काचेवर टाकला. काच नसती तर ती खाली गेली असती. म्हणून बाळाला कडेजवळ सोडू नका, असं खुद्द संशोधकांनीच लिहिलं. खोली दिसते, पण अंग आवरत नाही.

शिवाय दोन-तीन वर्षांचं मूल कडेला ‘जात’ नाही, ते खाली वाकून बघतं. या वयात धडाच्या मानानं डोकं जड असतं. पोट खिडकीच्या कट्ट्यावर आणि पाय पलंगावरून सुटलेले, अशा वेळी भीती वाटली तरी तोल मागे येत नाही. मुळात खिडकीखाली पलंग किंवा सोफा असतो तो हवेसाठी. मुलाला ती आयती पायरी मिळते.

जाळीबद्दल थोडक्यात. ती डासांसाठी असते. मुलानं अंग टेकलं की चौकटीसकट निघून येऊ शकते. उलट जाळी आहे म्हणून आपण खिडकी सताड उघडी ठेवतो.

पहिला मजला? तीन मीटरवरून पडायला पाऊण सेकंदाच्या आसपास वेळ लागतो आणि जमिनीवर आदळताना वेग ताशी २८ किलोमीटरच्या घरात असतो. खाली फरशी असेल तर तेवढा पुरतो.

आता लक्ष. (मजकुरात नेहमी आईचंच का, बाबा घरात नसतात का, हे राहू द्या.) दूध उतू जातंय म्हणून गॅस बंद करायला वळलेला माणूस निष्काळजी नसतो. न्यूयॉर्कमध्ये १९७२ साली ब्रॉन्क्स भागात ‘मुलांना उडता येत नाही’ अशा नावाची मोहीम सुरू झाली. पालकांना समजावलं, पण तेवढ्यावर थांबले नाहीत. घरोघरी खिडक्यांना फुकट गजही दिले. काही वर्षांतच तिथलं पडण्याचं प्रमाण लक्षणीय घटलं आणि १९७६ साली शहरानं नियमच केला: दहा वर्षांपर्यंतची मुलं राहत असतील तर इमारतीच्या मालकानं खिडक्यांना गज बसवायचे. जबाबदारी पालकांच्या नजरेवरून खिडकीवर आणि घरमालकावर आली.

राहिला आगीचा मुद्दा. तो खरा आहे. कायमचे जखडलेले, न उघडणारे गज आगीत सापळाच ठरतात. म्हणून सुटकेच्या खिडकीला मोठ्या माणसाला आतून चटकन काढता येतील आणि मुलाला काढता येणार नाहीत, असेच गज हवेत. बाकी खिडक्यांना दहा सेंटिमीटरपेक्षा जास्त उघडू न देणारा अडसर चालतो. गजांमधली फटही तेवढीच. त्या मजकुरातलं एवढं एकच वाक्य, या दुरुस्तीसह, मी पुढे पाठवीन.