पाटी मराठी, गल्ल्यावर कोण?

मामेभावाने परवा घरच्या ग्रुपवर एक फोटो टाकला. पुण्यातल्या लक्ष्मी रस्त्यावरच्या मोबाइलच्या दुकानाची पाटी. इंग्रजी नाव हे एवढं, आणि मराठी कोपऱ्यात अंग चोरून उभं. झालं, दिवसभर वाद. कायदा स्पष्ट आहे: 2022 च्या दुरुस्तीनंतर देवनागरी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत, आणि सप्टेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मुंबईच्या दुकानदारांना पाट्या बदलायला दोन महिन्यांची मुदत दिली होती. मलाही मराठी पाटी मोठीच हवी. पण पाटीवर रस्ता टिकतो, यावर माझा विश्वास उरलेला नाही. तो उडाला मी राहतो त्या लंडनमध्ये, ब्रिक लेन नावाच्या बांगलादेशी गल्लीत.

तिथे रस्त्याच्या नावाच्या पाट्या इंग्रजीबरोबर बंगालीतही आहेत. वॉर्डाच्या नावात चक्क ‘बांगलाटाउन’ आहे. जवळच्या व्हाइटचॅपल स्टेशनावर 2022 मध्ये बंगाली पाटी लागली. भाषेला सरकारी मान मिळायचा तेवढा मिळाला. आणि त्याच काळात ज्या करी हाउसांसाठी ही गल्ली ओळखली जायची, ती 60 च्या आसपास होती तिथून 2020 पर्यंत 23 वर आली. आता तिथे जुने कपडे ‘व्हिंटेज’ म्हणून नव्याच्या भावाने विकतात.

गल्लीतल्या मशिदीची गोष्ट तिथला प्रत्येक गाइड सांगतो, म्हणून थोडक्यात: 1743 मध्ये फ्रेंच प्रोटेस्टंट निर्वासितांचं चर्च, पुढे मेथडिस्टांचं, 1898 पासून ज्यूंचं सिनेगॉग, 1976 पासून मशीद. रेशीम विणणारे गेले, ज्यू शिंपी गेले, आता सिल्हेटी, म्हणजे बांगलादेशातल्या सिल्हेटचे, हॉटेलवाले चाललेत. ऐकायला छान वाटतं, जणू काळाचा महिमा. पण यावेळचं जाणं मला तसं सरळ वाटत नाही. इथे लंडनमध्ये 1954 च्या कायद्याने दुकानदाराला भाडेकरार पुढे चालू ठेवायचा हक्क सहसा असतो, पण भाडं बाजारभावाने. शेजारी काचेचं ऑफिस उभं राहिलं की तुमच्या डाळीचा भाव तोच राहतो आणि जागेचा वाढतो. शिवाय मुलं. ज्यांच्याकडे मी वर्षानुवर्षं जेवलो, त्या चाचांची मुलगी अकाउंटंट आहे. “तिने तंदूरपाशी उभं राहू नये म्हणूनच मी उभा राहिलो,” ते म्हणाले, आणि त्यात खंत कमी, अभिमान जास्त होता.

आपल्याकडे नेमकं उलटं. लक्ष्मी रस्त्यावर कुंटे चौकाजवळ मामांचं फ्रेमिंगचं छोटं दुकान आहे, पागडीचं: म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे मोजायचे, मग नाममात्र भाडं, आणि सोडताना त्या हक्काचे पैसे हातात येतात. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याने वर्षाला 4 टक्के वाढ, तीही जुन्या गोठलेल्या भाड्यावर. तो आकडा सांगितला तर चाचांना वाटलं मी एक शून्य विसरलो. याच पागडीने लक्ष्मी रस्त्याच्या गल्लीबोळांतली बांगड्यांची, बटणांची, पूजासाहित्याची दुकानं जगवली, आणि याच पागडीने वरचे वाडे सडवले. एवढ्या भाड्यात मालक कौलं कशाला शाकारेल? मग बिल्डर येतो, आणि नव्या इमारतीत फ्रेमवाला परत येईलच असं नाही.

‘बाहेरच्यांनी दुकानं बळकावली’ हे वाक्यही ग्रुपवर आलंच. लक्ष्मी रस्त्यावर साडी-कापडाच्या गाद्यांवर गुजराती, मारवाडी, सिंधी दुकानदार आमच्या आज्यांच्या लग्नाच्या बस्त्यापासून बसलेत, आणि मराठी आपल्यापेक्षा गोड बोलतात. लंडनमधल्या आम्हा मराठी माणसांचं बघा: महाराष्ट्र मंडळ 1932 पासून आहे, पण मराठी दुकानांची म्हणावी अशी एक गल्ली नाही. आम्ही डॉक्टर झालो, आयटीत गेलो. भाजणी पुण्याहून बॅगेतून येते. गल्ल्यावर बसायला मराठी माणूस मागे का, हा प्रश्न महापालिकेच्या पाटी-निरीक्षकाला विचारण्यात अर्थ नाही. मामेभाऊ स्वतः बाणेरला कंपनीत आहे.

हे सगळं मामांना फोनवर सांगत होतो. त्यांना फक्त एका गोष्टीत रस होता.

“तुमच्याकडे दुकान सोडताना हातात काय येतं?”

“बहुतेकांना फारसं काही नाही. किल्ली द्यायची आणि निघायचं.”

“मग भाडं एवढं देऊन मिळवलं काय?” जरा थांबून म्हणाले, “बरं, ठेवतो आता. एक वाजला.”

मागे शटर ओढल्याचा आवाज आला. आता चारपर्यंत फोन लागणार नाही.