ते 5,000 टॉवेल कुठेच लिहिलेले नाहीत

आज दुपारी भाचीने व्हॉट्सॲपवर एक पान पाठवलं आणि तेव्हापासून कशात लक्ष लागत नाहीये. आता रात्रीचे साडेअकरा वाजलेत. लिहून मोकळी होते. पोस्ट लांबणार आहे.

ती सीए इंटरची तयारी करतेय. सरावाला म्हणून मोठ्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल वाचत बसते. आज तिने मुद्दाम त्या रिटेल कंपनीचा अहवाल काढला, जिला अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माल दिला होता. नाव लिहीत नाही, प्रकरण चालू आहे. अहवालाच्या शेवटी शेवटी, बारीक अक्षरात, एक नोट असते. आकस्मिक दायित्वं आणि बांधिलक्या, म्हणजे कदाचित द्यावी लागतील अशी देणी आणि आधीच करार करून बांधले गेलेले खर्च. त्यातल्या एका ओळीला तिने पिवळा रंग मारला होता: कंपनीविरुद्धचे दावे, जे देणं म्हणून मान्य केलेले नाहीत. आणि खाली मेसेज, ‘आत्या, आपण इथे आहोत.’

मान्य केलेले नाहीत!

तुमच्यापैकी बरेच जण आमच्या अक्कलकोट रोडच्या कारखान्यात येऊन गेलाय. आईच्या हातची शेंगापोळी खाऊन गेलाय. तुम्हाला अप्पा माहीत आहेत. सूतवाल्याचा एक रुपया राहिला तरी रात्री उठून वहीत बघणारा माणूस. त्या माणसाचे पैसे ‘मान्य केलेले नाहीत’.

काय झालं होतं ते परत सांगते, कारण अर्ध्या लोकांना अर्धंच माहीत आहे. ऑगस्ट 2019. दिवाळीसाठी 12,000 टॉवेलची पीओ, म्हणजे खरेदीची लेखी ऑर्डर, आली, एका नगाला 110 रुपये. अप्पांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी ऑर्डर. अट एकच, प्रत्येक टॉवेलच्या शिवणीत त्यांच्या ब्रँडचं विणलेलं लेबल हवं. सूत घेतलं, रंगवून आणलं, माग दोन पाळ्यांत चालवले. सप्टेंबरअखेर 7,000 गेले. पोचल्याची पावती मिळाली, शिक्का, सही, सगळं आहे फाइलला. मग एक मेल आला, उरलेला माल सध्या पाठवू नका. नंतर कळलं, ‘सध्या’ म्हणजे कधीच नाही.

5,000 टॉवेल गोडाऊनमध्ये. प्रत्येकावर दुसऱ्याचं नाव. बाजारात कुणाला विकणार?

आणि जे 7,000 घेतले त्यांच्याही पैशांतून 3 लाख 10 हजार कापले. डेबिट नोटा, म्हणजे अमुक कारणासाठी एवढे पैसे कापले असं सांगणारे त्यांचे कागद. कमी माल आला, उशीर झाला, जाहिरातीचा वाटा, दरातला फरक. हा दरातला फरक काय असतो ते मला आजपर्यंत कुणी समजावून सांगितलेलं नाही. दर पीओवर छापलेला होता.

आता त्या पिवळ्या ओळीकडे येते. भाचीने मला नियम शिकवला. इंड एएस 37 म्हणतात त्याला, कंपन्यांनी हिशेब कसे लिहायचे त्याच्या मानकांपैकी एक. पैसे द्यावे लागण्याची शक्यता जास्त असेल तर तरतूद करायची, म्हणजे ते नफ्यातून आधीच वजा होतात. शक्यता आहे पण तेवढी नाही, तर फक्त नोटमध्ये आकडा लिहायचा, नफ्याला धक्का नाही. आणि शक्यता अगदीच नगण्य असेल तर लिहायचीही गरज नाही. ही शक्यता मोजतं कोण? कंपनी आणि तिचे वकील. ऑडिटर तपासतात, हो, तेही मान्य. पण ज्याने पैसे अडवलेत तोच ठरवणार की ते द्यावे लागतील की नाही, आणि खाली एक वाक्य टाकणार की व्यवस्थापनाच्या मते याचा कंपनीच्या स्थितीवर लक्षणीय परिणाम होणार नाही. त्यांच्यावर होणार नाही, बरोबर आहे. अप्पांवर झाला त्याचं काय? 2020 मध्ये चार माग विकले आम्ही.

मी तिला विचारलं, 3 लाख 10 हजार या ओळीत कुठेतरी मिसळलेत, ठीक. आणि ते 5,000 टॉवेल? साडेपाच लाखांचा माल आहे तो.

ती म्हणाली, ‘ते कुठेच नाहीत, आत्या.’

बांधिलक्या म्हणून त्याच नोटमध्ये जो आकडा आहे तो भांडवली कामांचा. नवीन दुकानं, फर्निचर, यंत्रं यांचे करार झालेत पण काम व्हायचंय, त्यांचा. कायद्याने तो दाखवावाच लागतो. आमची पीओ रद्द करता येण्यासारखी होती. मागच्या बाजूला बारीक कलम होतं, माल ताब्यात घेईपर्यंत ऑर्डर कधीही रद्द करता येईल. म्हणून ती त्यांच्या हिशेबात बांधिलकी ठरतच नाही. त्यांच्यासाठी तो अंदाज होता. आमच्याकडे मात्र सूत उधारीवर आलेलं, रंगणीवाल्याला रोख दिलेली, कामगारांना दिवाळीची उचल दिलेली. एकच कागद. त्यांच्या वहीत त्याची नोंद शून्य, आमच्या वहीत साडेपाच लाख. हे मला आज संध्याकाळी, वयाच्या 44 व्या वर्षी, वीस वर्षांच्या पोरीने समजावलं.

कमेंटमध्ये कुणीतरी लिहिणारच, एमएसएमई कायदा आहे ना, छोट्या उद्योगांसाठीचा. आहे. 2006 पासून आहे. 45 दिवसांच्या आत पैसे द्या, नाही दिले तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याच्या चक्रवाढीने. आम्ही 2021 ला त्या कायद्याखालच्या, थकलेल्या पैशांचे वाद ऐकणाऱ्या परिषदेत अर्ज केलाय. पण तो कायदा दिलेल्या मालाला लागतो. गोडाऊनमध्ये पडलेल्या टॉवेलला नाही. त्यासाठी वेगळा दिवाणी दावा, वेगळी कोर्ट फी, वेगळा वकील. आणि दिवाळखोरी कायद्याची नोटीस? अप्पा ‘संबंध बिघडायला नकोत, पुढच्या दिवाळीची ऑर्डर येईल’ म्हणत मार्च 2020 पर्यंत थांबले. 24 मार्च 2020 ला सरकारने त्या कायद्याखाली जायला लागणाऱ्या किमान थकबाकीची मर्यादा 1 लाखावरून 1 कोटी केली. दुसऱ्या दिवसापासून लॉकडाऊन. वकील नंतर म्हणाला की आधी पाठवली असती तरी त्यांनी डेबिट नोटा पुढे करून ‘आधीपासून वाद आहे’ म्हटलं असतं आणि प्रकरण तिथेच संपलं असतं. असेल. तरी अप्पा ती तारीख विसरलेले नाहीत.

मोठ्यांची भांडणं आपण किती चवीने वाचतो! फ्यूचर रिटेल आठवतंय ना, बिग बझारवाली? ऑगस्ट 2020 मध्ये रिलायन्सशी 24,713 कोटींचा सौदा जाहीर झाला, मग त्याला विरोध करत ॲमेझॉन सिंगापूरच्या लवादात, मग दिल्ली, मग सुप्रीम कोर्ट. मॅच बघावी तसे लोक बघत होते, मीही बघत होते. एप्रिल 2022 मध्ये बँकांनी सौदा नाकारला, जुलै 2022 मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली, जुलै 2024 मध्ये अवसायनाचा, म्हणजे कंपनी मोडीत काढून देणी भागवायचा, आदेश निघाला. त्या भांडणात माल देणारा छोटा कारखानदार कुणाच्याच बाजूने नव्हता. दिवाळखोरी कायद्याच्या कलम 53 मधली पैसे वाटायची रांग काढून बघा. आधी प्रक्रियेचा खर्च, मग तारण असलेल्या बँका आणि कामगार, मग कर्मचारी, मग बिनतारणी कर्ज देणारे, मग सरकारी देणी. त्यानंतर माल दिलेला माणूस. डाळ दिलेला, साबण दिलेला, टॉवेल दिलेला.

बरं, आमचीही एक चूक होती, लिहिते. पहिल्या गाडीत मरून रंगाच्या 300 टॉवेलचा रंग गेला. आम्ही लेखी कबूल केलं, तेवढे बदलून दिले. आणि हेही खरं की याच कंपनीच्या 2014 च्या ऑर्डरीवर आमच्या घराचा वरचा मजला झाला. अप्पा अजून तेच म्हणतात, ‘त्यांनी आपल्याला मोठं केलं.’ मला ते ऐकवत नाही.

2023 च्या बजेटमध्ये प्राप्तिकराचं 43बी(एच) आलं. छोट्या उद्योगांचे पैसे वेळेत दिले नाहीत तर खरेदीदाराला त्या वर्षी खर्च म्हणून वजावट नाही. तेव्हा मला खरंच बरं वाटलं होतं. काही खरेदीदारांनी लगेच छोट्यांकडून माल घेणंच कमी केलं असं बाजारात म्हणतात, आणि असं होणार हे कळायला फार हुशारी लागत नाही. तरी तो नियम राहायलाच हवा.

राग थोडा उतरलाय. आता आईचं सांगते, ते खरं तर सगळ्यात आधी लिहायला हवं होतं.

लॉकडाऊनमध्ये आई रोज दुपारी गोडाऊनमध्ये जाऊन बसायची. मांडीवर टॉवेल, हातात अर्धं मोडलेलं ब्लेड. लेबल शिवणीच्या आत अडकवलेलं असायचं, म्हणून आधी दोन बोटं शिवण उसवायची, लेबल ओढून काढायचं, धागे चिमटीने वेचायचे, मग टॉवेल वहिनीकडे, ती मशीनवर परत टीप मारायची. तरी भोकांची एक बारीक रेघ राहायचीच. दिवसाला साठ-सत्तर व्हायचे. बोटांना चिरा पडल्या तिच्या. ते टॉवेल आम्ही 35-40 रुपयांना आठवडी बाजारात विकले. गिऱ्हाईक कोपरा उलटून बघायचं, भोकं दिसली की अजून पाच रुपये कमी करायचं. काढलेली लेबलं आईने फेकली नाहीत. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात भरून ठेवलीत. का, विचारलं तर म्हणाली, मोजायला लागतील कधीतरी.

मघाशी ते पान अप्पांना वाचून दाखवलं. इंग्रजीतलं मराठी करून, सावकाश. ते 73 वर्षांचे आहेत, ऐकू कमी येतं. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘आपलं नाव आहे का त्यात?’

नाही म्हटलं. सगळ्यांचं मिळून एकच रक्कम आहे.

‘आपली धरली असेल ना पण?’

धरली असेल, म्हटलं. म्हणाले, ‘प्रिंट काढून आण उद्या. फाइलला लावून ठेवू.’