‘घाण रक्त आहे, जाऊ द्या’ या मेसेजला उत्तर

घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. बाळंतपणानंतर जितकं रक्त जाईल तितकं बरं, नऊ महिन्यांची घाण निघते. चक्कर आली तर अशक्तपणा समजा. पोट करकचून बांधा, शेक द्या, हळीव खायला घाला. पूर्वी बाया घरीच बाळंत व्हायच्या, कुणाला काही झालं नाही.

घाण कसली? पाळीचं रक्त नऊ महिने पोटात तुंबून राहत नाही. जातं ते अंगातलं ताजं रक्त. दिवस भरले की गर्भपिशवीकडे मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त वाहतं. वार सुटली की तिथल्या शिरा उघड्या पडतात. पिशवी आकसून त्यांना आवळते, तेव्हा रक्त आटोक्यात येतं. पिशवी सैल राहिली की ते वाहतच राहतं. अति रक्तस्रावाचं सगळ्यात मोठं कारण हेच. शिवाय वारेचा तुकडा आत अडकतो, कुठे फाटलेलं असतं, रक्त गोठत नाही.

थोडं जाणारच, हे खरं. अंगावरून जाणं काही आठवडे चालतं, पण दिवसागणिक फिकट आणि कमी होत जातं. तासाभरात पॅड चिंब होतोय, अंड्याएवढ्या गाठी पडताहेत, तर ते नेहमीचं नाही. नुसत्या नजरेचा अंदाज हमखास कमी भरतो. म्हणून बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत झालेल्या, 2006 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बाळंतिणीखाली मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी ठेवून रक्त मोजलं होतं. पिशवी आकसवणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिलेल्या बायकांत अति रक्तस्राव 12 टक्क्यांवरून 6.4 टक्क्यांवर आला.

चक्कर म्हणजे अशक्तपणा, हे या मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य. तरुण बाईचं शरीर बराच वेळ तग धरतं, रक्तदाबही बरा दिसतो. आधी नाडी जोरात धावते, मग हातपाय गार, घाम, तहान, असंबद्ध बडबड. त्यात पंडुरोग, म्हणजे अंगात रक्त कमी, आधीपासून असेल तर थोडं रक्तही महागात पडतं.

पट्ट्याने आणि शेगडीने रक्त थांबत नाही. उलट पट्टा सोडून बेंबीखाली हात ठेवा: पिशवी टणक लागायला हवी. लिबलिबीत लागली आणि वार पडलेली असेल, तर टणक होईपर्यंत गोल गोल चोळा. बाईला लघवी करू द्या, बाळाला पाजायला घ्या. वार पडलेली नसेल तर नाळ ओढू नका, आत कापड कोंबू नका. हळवाशी माझं भांडण नाही, पण ते पुढच्या महिन्याचं काम.

आणि पूर्वी? ‘बाळंतपणात गेली’ अशी एखादी आजी, मावशी कितीतरी घरांत निघते. भारतात 2004-06 मध्ये एक लाख जिवंत जन्मांमागे 254 माता दगावत होत्या. 2018-20 मध्ये 97.

रक्त धो धो जात असेल तर वाट न बघता 108 फिरवा. तिला आडवी झोपवून पाय उंच करा, पांघरूण घाला. दवाखान्यात पिशवी आकसवणारं ऑक्सिटोसिन, रक्ताची गुठळी टिकवणारं ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड, गरज पडल्यास रक्त देता येतं; ट्रॅनेक्झॅमिकचा उपयोग पहिल्या तीन तासांतच होतो. घरी आल्यावर आठ-दहा दिवसांनी पुन्हा लाल भडक जायला लागलं, ताप आला, घाण वास आला, तरी हेच. बाळंतपणाची फाईल आणि रक्त देऊ शकणारं माणूस सोबत न्या.