दुसरा तीळ

परवा दुपारी पावणेदोन वाजता, नागपुरातल्या एका सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात, तेवीस वर्षांच्या भाच्याच्या उघड्या पाठीवर मोबाईलचा टॉर्च मारून मी तीळ शोधत उभा होतो. राग अजून उतरलेला नाही.

दवाखाना कोणता ते सांगत नाही. नागपुरात 'मेडिकलला जायचंय' म्हटलं की ऑटोवाला थेट मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याकडे, मेडिकल चौकाकडे वळवतो आणि विचारतो, "कोण भरती हाय?" भरतीच आहे, पण पोलीस भरती, आणि दवाखाना दुसराच, हे त्याला पटेपर्यंत चौक आलेला असतो.

पोराने 1600 मीटर मारले, 100 मीटर मारले, 7.26 किलोचा गोळा फेकला, लेखी काढली. उरलं होतं मेडिकल. घरातली ही चौथी भरती असल्याने सोबत कायम मीच जातो. त्यामुळे या विषयात मला आता डॉक्टरांपेक्षा थोडं कमी आणि शिपायापेक्षा थोडं जास्त कळतं.

पोरं सर्वात जास्त फसतात ती छातीत. न फुगवता 79 सेंटिमीटर लागते आणि फुगवून किमान 5 जास्त. पण टेप दिसला की पोरगं आपोआप छाती काढतं. अर्धनग्न रांगेत छाती पाडून उभं राहायचं कुणाला जमतं? पहिलंच माप येतं 83. मग 'आता फुगव' म्हटल्यावर फुगवायला शिल्लक उरतात दोन. डोळे बाहेर येतात, मानेच्या शिरा येतात, टेप तिथेच. म्हणून पहिल्या मापाला श्वास सोडायचा, खांदे ढिले टाकायचे आणि थोडा अपमान सोसायचा. टेप मागून खांद्याच्या फऱ्यांखाली सरळ आहे ना, तेही बघायचं. तो मागे लोंबला तर माप फुकट वाढतं आणि फेरमापात अंगाशी येतं.

उंचीचं गणित आणखी वेगळं. माणूस सकाळी उंच असतो. दिवसभर उभं राहिल्यावर मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि संध्याकाळपर्यंत सेंटिमीटरभर उंची जाते. काठावर 165 असलेल्या पोराला सकाळी सातला बोलवायचं आणि दुपारी मोजायचं, म्हणजे सरकारने त्याला रांगेत झिजवून मग पट्टीखाली उभं करायचं.

सर्वात मोठा विनोद मात्र रक्तदाब आणि लघवीचा. सकाळी सांगतात, "नमुना द्यायचा हाय, जाऊन येऊ नका." पोरं थांबतात. बाटल्या संपलेल्या असतात. बाटल्या 'येऊनच राहिल्या' असतात. तोवर रक्तदाबाची रांग पुढे सरकते, आणि तुंबलेल्या लघवीने रक्तदाब वाढतो. हे आपलं माझं म्हणणं नाही, वैद्यकातच आहे. खरं तर रक्तदाब मोजायचा तो पाच मिनिटं बसवून, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या उंचीवर ठेवून आणि गप्प बसवून. इथे पोरगं उभं, हात लोंबकळलेला, पट्टा शर्टावरून, आणि पंप मारतानाच प्रश्न: "नाव? प्रवर्ग? गाव कोणतं?" येतो 150. "जा, बाहेर शांत बस." शांत कसा बसेल? ती बाटली द्या ना आधी!

आणखी एक. आदल्या दिवशी अन् त्या सकाळी धावू नका. जोराच्या व्यायामानंतर लघवीत अल्ब्युमिन हे प्रथिन तात्पुरतं उतरतं आणि चांगल्या मूत्रपिंडावर फुकट शंका येते. रेशीमबागेत पहाटे दहा किलोमीटर मारून थेट रांगेत येणारे शहाणे दरवेळी भेटतात.

डोळ्यांना तक्ता सहा मीटरवरून वाचायचा असतो. खोली तेवढी लांब नसली की आरशात दाखवतात. 'ई, एफ पी, टी ओ झेड' पाठ करून आलेली पोरं डॉक्टरांनी उजवीकडून बोट ठेवायला सुरुवात केली की संपतात. रंगांच्या ठिपक्यांच्या पुस्तकात तर पहिलं पान 12 सगळ्यांनाच दिसतं, रंगांधळ्यालाही. पुढे काही पानांवर आकडा फक्त रंगदोष असलेल्यालाच दिसतो. चांगल्या डोळ्याला तिथे नुसते ठिपके. पाठांतरवाला नेमका तिथे छाती काढून आकडा सांगतो.

सपाट तळव्यांची तपासणी तर व्हरांड्यातच झाली, डॉक्टर यायच्या आधी. मावशींनी नुकतीच फरशी पुसलेली. ओल्यातून कोरड्यात गेलेल्या चाळीस पोरांचे ठसे उमटलेले. मध्ये कमान सुटलेले, अर्धे भरलेले, आणि एक पूर्ण पोळीसारखा. कुणी कबूल होईना तो कुणाचा. सगळे आपापले पाय झाकून उभे. (चवड्यावर उभं राहिल्यावर कमान दिसत असेल तर डॉक्टर तेही बघतात. आधीच घाबरू नये.)

पडद्यामागचं जास्त लिहीत नाही. 'खोक' म्हटलं की खरंच खोकायचं, लाजून खाकरायचं नाही. हर्निया, हायड्रोसिल, फुगलेल्या शिरा, हे दोन-तीन महिने आधी खासगीत दाखवून घ्यावं, म्हणजे ऑपरेशन लागलं तर वेळ मिळतो. कानातला मळही चार दिवस आधी थेंब घालून काढावा. आदल्या रात्री काडी घातली तर तो आत जाऊन बसतो.

आता तो फॉर्म भरणारा बाबू. तोंडात खर्रा, म्हणून हनुवटी वर करून बोलत होता. डोक्यावर तंबाखूमुक्तीचा फलक.

"पेन हाय का?" मी दिलं.

"ओळखीच्या खुणा. दोन पायजे."

"हनुवटीवर तीळ आहे."

"झाला एक. दुसरा?"

"दुसरा नाही, साहेब."

"नाही कसा? फॉर्मवर दोन रेघा हायेत."

भाच्याने दंडावरची बीसीजीची खूण दाखवली.

"ते साऱ्यायलेच असते. त्याच्यानं काय ओळख पटते? कपायावर, गुडघ्यावर काही लागलेलं? लहानपणी पडला नाही का?"

"पडलो, पण लागलं नाही."

"काहून नाही लागलं?"

याचं उत्तर पोराकडे नव्हतं. बाबूने माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही मामा? लयच जपलं वाटते पोराले. बाजूले जा, शर्ट काढा, पाहून घ्या. पुढचा!"

असा तो टॉर्च लागला. मिनिटभरात पाठीभोवती दहा जण. एकाला कंबरेवर काही दिसलं. बाबू लांबूनच ओरडला, "मुरूम नाही चालत, पर्मनंट पायजे." या राज्यात पर्मनंट काही मागणारं कार्यालय खूप दिवसांनी भेटलं. काटोलकडचे एक शेतकरी काका शांतपणे म्हणाले, "माया पोराले सात हायेत. एक लिहून घ्या ना बाप्पा, त्याले कायले लागते सात?" आणि ते खरंच पोराला पुढे ढकलत होते.

शेवटी उजव्या कानामागे सापडला. तिळाएवढाच तीळ. मी विजयाने भाच्याचा कान दुमडून टेबलापुढे धरला. बाबूने वर न बघताच लिहिलं: 'उ. कानामागे तीळ'. तपासलं नाही. मग मी 'पाठीवर वाघ' सांगितलं असतं तरी चाललं असतं की!

हे सगळं बोटांचे ठसे आणि आधार आधीच घेतलेल्या काळात. खूण सेवापुस्तकात कायम राहते म्हणे. पोलिसाची खूण खरोखर कधी शोधायची वेळ येते, हे रांगेतल्या प्रत्येक बापाला ठाऊक होतं. काटोलवाले काका त्यानंतर बराच वेळ गप्प होते.

तर आधार, फोटो, बोलावण्याचं पत्र, सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स. अनफिट लिहिलं तर कारण लेखी मागा. घरून निघताना आईकडून अंगावरचे तीळ मोजून घ्या, तिला जागा माहीत असतात. आणि पेनं दोन न्या. माझं बाबूकडेच राहिलं. निघताना पाहिलं तर त्याच पेनाने तो काटोलच्या पोराचे सातातले दोन लिहीत होता, आणि कोणते दोन यावर वाद घालत होता.