दोन ताऱ्यांच्या तक्रारीवर दुकानाचं उत्तर

नमस्कार. तुमची तक्रार वाचली, सोबतचा फोटोही मोठा करून पाहिला. तुमचं म्हणणं असं, की दम कोंडून बुडी मारून मासे मारायला दोघांसाठी दोन फ्लोट (बोटवाल्यांना दिसावा म्हणून झेंडा लावलेला, दोरीने सोबत ओढायचा तरंगता फुगा) मागितले तर आम्ही एकच गळ्यात मारला, त्याचा झेंडा पाण्यावर आडवा पडला, ३० मीटर दोरीचा गुंता झाला आणि एक बोट अगदी जवळून निघून गेली.

झेंड्याचा दोष सर्वस्वी आमचा. हवा भरायच्या टॉर्पेडो फ्लोटच्या पोटाखाली शिशाचं वजन अडकवावं लागतं. ते नसलं की जरा वारा आला तरी फ्लोट कुशीवर वळतो. फोटोत पोटाखालची कडी रिकामी दिसते आहे, म्हणजे वजन खोक्यात गेलंच नाही. आडवा पडलेला झेंडा लाटांमध्ये बोटवाल्याला दिसत नाही, त्यामुळे ही किरकोळ चूक म्हणून मी सोडून देणार नाही. माफ करा. वजन आजच पाठवतोय.

दोरीचंही आमच्याकडेच येतं. किती खोल पाण्यात उतरणार, हे विचारायला हवं होतं. तुम्ही ८ मीटरमध्ये होतात. खोलीच्या साधारण दीडपट, म्हणजे १२ मीटर पुरली असती. उरलेली १८ मीटर वर वेटोळी घालत तरंगणार आणि कोणाच्या तरी पायात जाणारच. दोरी बदलून देतो, किमतीतला फरकही परत करतो.

फ्लोट मात्र एकच, यावर मी ठाम आहे. दोन विकले असते तर गल्ला जास्त भरला असता, हेही खरं! पण दोन फ्लोट असले की प्रत्येक जण आपापल्या माशामागे जातो आणि बघता बघता दोघंही एकाच वेळी खाली असतात. एका फ्लोटवर पाळी लावावीच लागते. एक खाली, दुसरा फ्लोट धरून, तोंड पाण्यात घालून त्याच्यावर नजर ठेवून. दम कोंडून मारलेल्या बुडीत शुद्ध हरपते ती बहुतेक वेळा वर येतानाच्या शेवटच्या काही मीटरमध्ये किंवा वर आल्यावर. १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. वर येताना तो निम्म्यावर येतो, तसा फुप्फुसातल्या ऑक्सिजनचा दाबही कोसळतो. म्हणून खाली असताना माणसाला सगळं ठीक वाटतं. जोडीदार वर आला, हसला, मासा दाखवला, तरी पुढची ३० सेकंदं त्याच्यावरून नजर काढायची नाही. तीही हाताच्या अंतरावरून. चाळीस मीटरवरच्या दुसऱ्या फ्लोटवरून हे कसं जमणार?

फोटोतली एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, पण मला तीच जास्त खटकली. दोरी तुमच्या कमरेच्या वजनाच्या पट्ट्याला (खाली जाता यावं म्हणून बांधतात त्या) अडकवलेली आहे. ती बोट आणखी थोडी आत आली असती आणि दोरी पंख्यात गेली असती, तर तुम्हीही मागोमाग ओढले गेला असता. दोरी स्पिअरगनच्या, म्हणजे मासे मारायच्या भाल्याच्या बंदुकीच्या, मुठीमागे बांधा. ओढ बसली की गन सोडून द्यायची, फ्लोटमुळे ती नंतर सापडते. मनगटाला तर कधीच नाही.

हवा कमी झाल्याचंही लिहिलंय. उन्हात फुगवलेल्या फ्लोटमधली हवा थंड पाण्यात आकसते. पाण्यात उतरल्यावर पुन्हा दाबून बघा. तरीही मऊ पडत असेल तर गळतीच आहे. तसाच परत पाठवा, दुसरा देतो.